झेपेल तेवढं

मार्च संपत आला की आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एका दुपारी अचानक आवाज वाढतो. दहावीचा शेवटचा पेपर झालेला असतो. कालपर्यंत खिडकीत पुस्तक धरून बसलेली मुलं धडाधड जिने उतरतात आणि संध्याकाळपर्यंत ओरडून ओरडून त्यांचे घसे बसतात. मी बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता त्यांच्याकडे बघते. आता यांच्यापुढे आख्खा उन्हाळा पसरलाय, असं मनात येतं, आणि मग पुढचं काही मनात येऊ देत नाही.

यंदा नेमकी त्याच दुपारी माझी मुलगी रेवा टॅब घेऊन जवळ आली. नवा गेम होता.

"आई, काय घेऊ? ईझी, नॉर्मल की हार्ड?"

"तुला काय घ्यायचंय?"

"मला माहीत नाही ना! तू सांग."

"मी नाही सांगणार."

"साधं सांगायला काय जातं गं तुझं?" असं म्हणून ती पाय आपटत आत गेली. थोड्या वेळानं हरल्याचा आवाज आला, मग टॅब सोफ्यावर फेकल्याचा, आणि मग पुन्हा गेम सुरू झाल्याचा. मी हातातला ओला शर्ट तसाच धरून उभी होते. सांगायला काय जातं, हे नऊ वर्षांच्या मुलीला समजावता येण्यासारखं नव्हतं.

मी दहावीला होते तेव्हा आम्ही भाईंदरला गोडदेवमध्ये राहायचो. वन रूम किचन, चौथा मजला. बाबा फोर्टला नोकरीला होते. सकाळी निघायचे ते दिवे लागल्यावर परतायचे. आई घर सांभाळायची आणि टँकरची वाट बघायची. त्या उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हतं आणि दुपारी काही वेळ वीजही नसायची. लोडशेडिंग सुरू झालं की पंखा हळूहळू थांबायचा, आणि तो पुरता थांबायच्या आत स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "गेली बाई." मग घरात कॉम्प्युटरच्या यूपीएसची टीं-टीं तेवढी राहायची. गच्चीवर गेलं की लांबवर मिठागरं दिसायची. मिठाचे ढीग उन्हात असे तळपायचे की डोळ्यांवर हात धरावा लागे. तिकडून वारा आला की ओठ खारट व्हायचे. आजही एप्रिलमध्ये ओठांवरून जीभ फिरवली की मला आधी ती गच्ची आठवते, आणि मग दादा.

दादा म्हणजे मंदार, माझा मोठा भाऊ. डिप्लोमा करून तो इंजिनिअरिंगला गेला होता. आईकडच्या आणि बाबांकडच्या नातेवाइकांत इंजिनिअरिंगला जाणारा तो पहिलाच. लग्नाकार्यात लोक त्याला मोबाइलपासून मिक्सरपर्यंत काहीही विचारायचे आणि तो गंभीर चेहऱ्यानं उत्तर द्यायचा. कॉम्प्युटर घरात आला तो त्याच्यासाठीच. आईनं त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवलं होतं आणि ते काढायचा मान दादाचा होता. अभ्यास झाला की तो गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम खेळायचा. मी मागे पलंगाच्या कडेला बसून बघायचे. तो हरायचा नाही. खरंच सांगते, मी त्याला हरताना कधी पाहिलंच नव्हतं.

"कसं जमतं रे तुला?" मी विचारायचे.

"डोकं शांत ठेवावं लागतं," तो मागे न बघता म्हणायचा.

त्या वर्षी प्रिलिममध्ये मी गणितात जवळजवळ नापासच झाले होते. वहीवर डोकं ठेवून रडले, आठवडाभर धड जेवले नाही. तेव्हापासून घराचा आवाजच बदलला. मी खोलीत आले की बाबा टीव्ही बंद करायचे. आई शेजारणीला दारातच थोपवून कुजबुजायची, "मनूला टेन्शन आलंय हो." सगळे माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसे बोलायला लागले, आणि त्यानं मला जास्तच आजारी वाटायचं. एकटा दादा पूर्वीसारखा राहिला. "रडून गणित सुटणारे का? दे इकडे," असं म्हणून तो शेजारी बसायचा आणि उत्तर मात्र सांगायचा नाही. मी चुकले की "चूक" म्हणायचा, बरोबर आलं की "पुढचं". त्या दोन शब्दांवर मी परीक्षेपर्यंत पोहोचले. जगात एक माणूस आपल्याशी खरं बोलतो, एवढं पुरेसं असतं. मला ते पुरलं.

शेवटचा पेपर देऊन घरी आले तर दादानं कव्हर काढून ठेवलं होतं आणि स्वतः खुर्चीच्या बाजूला उभा होता. "बस," तो म्हणाला. "आता तुझी पाळी."

त्या क्षणाचा आनंद मला आजही जसाच्या तसा आठवतो. खुर्ची त्याच्या बसण्यानं एका बाजूला कलली होती आणि तिच्यात बसल्यावर मीही थोडी कलले. त्यानं शिकवलं: वळण यायच्या आधी वेग सोडायचा, मग वळायचं, आणि वळून झाल्याशिवाय पुन्हा वेग द्यायचा नाही. पहिल्याच दुपारी मी तिसरी आले. चार-सहा दिवसांत पहिली यायला लागले. शर्यतीत एक तांबडी गाडी असायची. ती शेवटपर्यंत माझ्या पुढे राहायची आणि अखेरच्या पुलावर कठड्याला घासून भरकटायची. तिथे मी तिला गाठायचे. मला वाटायचं, मी मागून इतकी जवळ येते म्हणून ती बिचकते. मी तिला बिचकवते! दहावीतल्या, प्रिलिमला रडलेल्या मुलीला हे वाटणं केवढं मोठं होतं, ते तिलाच माहीत.

"मनू, तुला उपजतच येतंय हे," दादा म्हणाला. "मला इतक्या लवकर नव्हतं जमलं."

संध्याकाळी बाबा घरी आले की तो त्यांना सांगायचा, "आज पण हिनंच सगळ्या शर्यती मारल्या." बाबांना त्यातलं काही कळायचं नाही. ते बूट काढत काढत "अरे वा, शाब्बास" म्हणायचे. पण ते शाब्बास मी झोपताना पुन्हा ऐकायचे.

त्या दिवसांत मी बदलत गेले. जिन्यात कुणी भेटलं तर खाली बघणारी मी, आता मान वर करून बोलायला लागले. टँकरवाल्याशी हिंदीत भांडून आमचे हंडे आधी भरून घेतले, आणि आई तोंडाला पदर लावून हसली. वळणावर डोकं शांत राहतं ते माझं, अशी माझी मी मला नव्यानं ओळख करून दिली होती. एका दुपारी वीज नसताना, गॅलरीत कैरीला तिखट-मीठ लावून खाताना, मी दादाला सांगितलं, "मी सायन्स घेणारे. मग तुझ्यासारखं इंजिनिअरिंग." त्यानं कैरीची फोड उचलली आणि तोंड आंबट करून रस्त्याकडे बघत बसला. मला ते कैरीमुळे वाटलं.

क्लासमधली माझी मैत्रीण ग्लेनिस उत्तनच्या वाटेवर डोंगरी गावात राहायची. मे महिन्यात तिनं मला घरी बोलावलं. भाईंदर पश्चिमेहून बस पकडली की थोड्या वेळात इमारती संपायच्या, खाडीचा वास यायचा, मग ताडाची झाडं, क्रूस, कौलारू घरं. उत्तनकडून येणाऱ्या वाऱ्याला बांबूवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास असायचा. ग्लेनिसच्या आईनं ताडगोळे सोलून दिले. तिचा भाऊ सॅव्हिओ दादाबरोबर डिप्लोमाला होता. आमच्याकडच्या गेमची सीडी त्याचीच. त्याच्या कॉम्प्युटरवर तोच गेम दिसला तेव्हा मी जवळजवळ उडीच मारली.

"खेळू?"

"खेळ की. मंदारची बहीण तू, हरवशील आमाला," सॅव्हिओ म्हणाला.

मी सगळ्यांत शेवटी आले. नवीन कीबोर्ड, म्हटलं. पुन्हा खेळले. पुन्हा शेवटी. बाकीच्या गाड्या मला ढकलून पुढे जात होत्या. त्या अशा कधीच वागल्या नव्हत्या. तिसऱ्या वेळी मी कशीबशी त्या पुलापर्यंत तांबड्या गाडीच्या मागे राहिले आणि ती घसरायची वाट बघितली. ती घसरली नाही. सरळ निघून गेली.

"तू घरी ईझीवर खेळतेस काय?" सॅव्हिओनं विचारलं.

"ईझी म्हणजे?"

"अगं, ऑप्शनमधी असतंय ना. ईझी, मीडियम, हार्ड. हे मीडियम हाय."

ग्लेनिस हसली. वाईट हेतूनं नाही, सहज. मीही हसले. ताडगोळ्याचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं, ते मी बराच वेळ पुसत बसले.

घरी आले तेव्हा दादा बाहेर गेला होता. मी स्वतः कव्हर काढलं. गेम सुरू केला आणि जिथे कधी गेले नव्हते तिथे गेले. ऑप्शन. तीन शब्द एकाखाली एक होते आणि पहिल्याला पिवळी चौकट होती.

दादा आला तेव्हा मी खुर्चीतच होते. पडद्यावर तेच पान उघडं होतं.

"हे तू ठेवलंस?"

तो थबकला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला.

"हो."

"का?"

"तुझ्यासाठीच ना. प्रिलिमनंतर कशी झाली होतीस तू. म्हटलं, जरा जिंकू दे हिला."

"मग मला सांगायचंस ना, की हे सोपं आहे."

"सांगितलं असतं तर तुला मजा आली असती का?"

जिंकले तेव्हाचा आनंद खोटा नव्हता. हातापायांना तो खराच झाला होता. खोटं होतं ते जिंकणं. पण एक काढून टाकून दुसरं ठेवायचं कसं? टँकरपाशी भांडले ती मी कोण होते मग? जिन्यात मान वर करून बोलले ती? गेम तरी सुरुवातीलाच विचारतो, तुला किती कठीण हवंय म्हणून. मी ते पान कधी उघडलंच नव्हतं, कारण मला शिकवणाऱ्यानं ते कधी दाखवलं नव्हतं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, भावानं प्रेमानं केलं. त्यात एवढं काय!" आणि मीही स्वतःला तेच समजावलं. प्रेमानं केलं. प्रिलिमनंतर शेजारी बसणारा दादा आठवला आणि राग धरणं कठीण गेलं. मी त्याला माफ केलं. मनापासून केलं, हे मुद्दाम सांगते. पुढे जे झालं, ते त्या माफीनंतर झालं म्हणूनच इतकं लागलं.

निकाल जूनमध्ये लागला. ऐंशीच्या वर टक्के, आणि गणितात सगळ्यांत चांगले. बाबांनी भाईंदर स्टेशनबाहेरून पेढे आणले. त्या रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. पाऊस पडून गेला होता, खिडकीच्या गजांवरून थेंब गळत होते. बाबांनी विचारलं, "मग, सायन्स ना?"

"हो," मी म्हटलं.

"मंदार, तुझं काय मत?" बाबा दादाकडे वळले. या घरात त्याचं मत शेवटचं असायचं.

दादानं आमटीची वाटी खाली ठेवली. "बाबा, टक्के ठीक आहेत. पण मी भोगतोय ना ते, मला माहितीये. अकरावी-बारावी, मग सीईटी, मग हे इंजिनिअरिंग. तिला नाही झेपणार."

"अरे, गणितात एवढे चांगले मार्क आहेत," आई म्हणाली.

"मार्कांचं नाही गं आई. प्रेशरचं आहे. प्रिलिमला काय झालं होतं, आठवतं ना? अगं, तिला साधा गेमसुद्धा सोप्यावर लावून द्यावा लागतो."

बाबा हसले. त्यांना ते लाडानं बोलल्यासारखं वाटलं. आईही हसली. आणि माझ्याकडे बघत, समजुतीच्या आवाजात, त्याच जुन्या, आजारी माणसाशी बोलायच्या आवाजात, बाबा म्हणाले, "कॉमर्सही काही वाईट नाही, मनू. झेपेल तेवढंच करावं."

मी दादाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. आमटीत भात कालवत होता. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडले असते तर "बघा, म्हणूनच म्हणत होतो" असंच झालं असतं. रडू येत होतं, पण रडण्याचीही तीच गत. त्या एका वाक्यानं त्यानं माझ्या सगळ्या वाटा बंद केल्या होत्या. माझ्यावर त्यानं केलेली दया, जी मी त्याला माफ केली होती, तीच त्यानं सगळ्यांपुढे माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून ठेवली. मी मान खाली घालून जेवण संपवलं. ताट उचलताना आई म्हणाली, "शहाणी आहे माझी बाय."

मी कॉमर्सला गेले. लोकांना वाटतं अशा गोष्टींत आयुष्य उद्ध्वस्त वगैरे होतं. तसं झालं नाही. हिशेबाचं काम मला येतं, आवडतंही. नोकरी चांगली आहे. तरी ऑफिसातून परतताना रस्त्यात एखादा पूल बांधताना दिसला की मी उगाच थांबते. कुणीतरी उंचावर हेल्मेट घालून उभं असतं, खालच्याला हातवारे करत असतं. मी बघते आणि पुढे जाते. मला ते झेपलं असतं का? कदाचित नसतंही. पण माझं न झेपणं माझ्या हातात यायला हवं होतं.

ग्लेनिसनं सायन्स घेतलं, माझ्याहून कमी टक्के असून. गणपतीच्या आधी एका रविवारी मी तिच्याकडे गेले. पावसानं डोंगरी हिरवीगार झाली होती. सॅव्हिओ ओट्यावर छत्रीची काडी दुरुस्त करत बसला होता.

"तू सायन्स का न्हाय घेतलीस गं?" ग्लेनिसनं विचारलं.

मला ते सगळं सांगायचं नव्हतं, पण सांगून झालं. दादानं माझ्यासाठी गेम सोपा करून ठेवला होता आणि मग त्याच गेमचं नाव घेऊन घरात काय बोलला, ते सगळं. सॅव्हिओचे हात थांबले.

"तुझ्यासाठी ईझीवर ठेवला? कोण बोललं तुला?"

"दादाच."

"त्याच्या कॉम्प्युटरवर तो गेम मीच टाकलाय. पयल्या दिवसापासून ईझीवरच हाय तो. आमी किती वेळा बोललो, मंदार, एकदा मीडियमवर खेळून तर बघ. न्हाय खेळला. इकडं माझ्याकडं एकदा खेळला, हरला, आणि आठवडाभर माझ्याशी बोलला न्हाय." तो छत्रीकडे बघत राहिला. "मित्र हाय तो माझा. तुला सांगायला नको होतं. पण हे बरं न्हाय केलं त्यानं."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकवून बसले होते. काच थडथडत होती. म्हणजे त्यानं माझ्यासाठी काही सोपं केलंच नव्हतं. तो ज्या पातळीवर खेळायचा त्याच पातळीवर त्यानं मला बसवलं होतं, आणि मी ते पान उघडून विचारलं तेव्हा, चष्मा पुसता पुसता, त्यानं ते माझ्या नावावर करून टाकलं. मला फसवलं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण त्यानं मला फसवलंसुद्धा नव्हतं आधी. पकडला गेल्यावर दया दाखवल्याचं सोंग आणलं. आणि मग जेवायच्या पंगतीत, इंजिनिअरिंगनं दमलेल्या, हरायला घाबरणाऱ्या त्या मुलानं आपली भीती उचलून माझ्या ताटात वाढली. मी ती खाल्ली. सगळ्यांच्या देखत, मान खाली घालून.

मला त्याची कीवही आली. ते सगळ्यांत वाईट होतं. नुसता राग असता तर घरी जाऊन भांडले असते आणि मोकळी झाले असते.

घरी आले तेव्हा दादा खेळत होता. आई मोदकांसाठी नारळ खोवत होती, बाबा पेपर वाचत होते. मी दारातच चप्पल काढत उभी राहिले. सगळं तोंडाशी आलं होतं. बाबांपुढे एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. तेवढ्यात त्याची शर्यत संपली, तो पहिला आला, आणि खुर्चीत वळून त्यानं आधी बाबांकडे, मग माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर घाम होता. इतकी वर्षं मी त्याच्या मागे बसत आले होते, त्यामुळे जिंकल्यावर त्याचा चेहरा कसा होतो हे मला माहीतच नव्हतं. तो आनंदी नव्हता. कुणीतरी काहीतरी म्हणावं म्हणून थांबलेला होता.

"मस्त खेळलास," मी म्हटलं.

त्याचे खांदे सैल झाले.

दादा आता पुण्याला असतो. सणावाराला येतो, येताना माझ्यासाठी आठवणीनं काहीतरी आणतो. मी त्याच्या आवडीचं जेवण करते. तो माझ्या नोकरीचं कौतुक करतो, मी त्याच्या घराचं. आमचं कधी भांडण झालं नाही, एकदाही आवाज चढला नाही. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, भावंडं असावीत तर अशी. आम्ही दोघं शेजारी बसून ते ऐकतो आणि हसतो.